जुन्या गाडीचा सायलेन्सर फुटलाय: चालवायची की उभी करायची?

गाडीला पंधरा-वीस वर्षं झाली की सायलेन्सरचा आवाज वाढतो आणि बहुतेकांना त्यात फक्त आवाजच ऐकू येतो. 'भोक पडलंय, दिवाळीआधी वेल्डिंग मारून घेऊ' म्हणत माणसं चार-चार महिने तशीच गाडी चालवतात. पण आवाजावरून धोका ठरत नाही. मागच्या सायलेन्सरला रुपयाएवढं भोक पडलं तर अख्खी गल्ली जागी होते, तरी त्यातला बराचसा धूर गाडीच्या मागे निघून जातो. इंजिनमधून धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून सुटणारी बारीक फुसफुस मात्र बाहेर कुणाला ऐकू येत नाही आणि तोच वायू ब्लोअरच्या जाळीतून थेट चालकाच्या तोंडावर येऊ शकतो. त्यामुळे प्रश्न दोनच: गळती कुठे आहे, आणि तिथून आत यायला वाट आहे का?

आत काय येतं ते आधी बघू. पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजी यांपैकी काहीही जळलं तरी थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार होतोच. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, म्हणून हवेत अगदी थोडा असला तरी रक्तात साचत जातो. गाडीत जो जळका वास येतो तो धुरातल्या इतर घटकांचा. वास आला म्हणजे गळती आहे हे नक्की. वास नाही म्हणजे गळती नाही, असं मात्र नाही. शिवाय नाक पाच-दहा मिनिटांत त्या वासाला सरावतं. घरातलं कुणी नंतर गाडीत बसताना 'कसला वास येतोय?' म्हणालं, तर त्या माणसावर विश्वास ठेवा, स्वतःच्या नाकावर नको.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. लहान हॅचबॅकची केबिन साधारण ३ घनमीटर, म्हणजे ३००० लिटर. त्या हवेत ४०० पीपीएम (दहा लाख भागांत ४०० भाग) कार्बन मोनॉक्साइड व्हायला १.२ लिटर शुद्ध वायू पुरतो. पीयूसीच्या (प्रदूषण तपासणीच्या) नियमात भारत स्टेज-२ (बीएस-२) या प्रदूषण-मानकाच्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन चालू) ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे. त्या प्रमाणाने १.२ लिटरसाठी ४० लिटर धूर लागतो. ८०० सीसीचं इंजिन नुसतं घुरघुरत असताना मिनिटाला साधारण १०० लिटर धूर सोडतं. त्याचा दहावा हिस्सा जरी आत शिरत राहिला आणि काचा बंद असल्या, तर चार-पाच मिनिटांत ४०० पीपीएम गाठलं जातं. त्या पातळीवर तासा-दोन तासांत डोकं ठणकू लागतं आणि तीन तासांनंतर जिवाला धोका असतो. ८०० पीपीएमला पाऊण तासात गरगरणं, मळमळ. १६०० ला वीस मिनिटांत ही लक्षणं, आणि तासाभरात मृत्यू येऊ शकतो. सकाळी चोक ओढून सुरू केलेल्या कार्बोरेटरच्या गाडीत ३ टक्क्यांपेक्षाही बरंच जास्त प्रमाण निघतं.

नंतरच्या गाड्यांना मर्यादा ०.५ टक्के आणि बीएस-४ पासून ०.३ टक्के आहे, पण हे कॅटकॉन (धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) चांगला असेल आणि तापलेला असेल तेव्हाचं. कॅटकॉन साधारण २५० ते ३०० अंशांना काम करू लागतो; त्याआधीचा धूर जवळपास जसाच्या तसा असतो. आणि गळती कॅटकॉनच्या अलीकडे असेल तर तो कितीही चांगला असला तरी उपयोग नाही, कारण सुटणारा वायू त्याच्यातून गेलेलाच नसतो.

'पीयूसी पास आहे' हे उत्तर इथे चालत नाही. पीयूसीची नळी पाइपच्या शेवटच्या तोंडात घालतात, म्हणजे तिथे पोहोचलेला धूरच ती मोजते. मध्येच जो निसटतो तो मोजला जात नाही. उलट फुटलेल्या पाइपमध्ये धुराच्या ठोक्यांमागे बाहेरची हवा ओढली जाते, धूर पातळ होतो आणि आकडा खऱ्यापेक्षा चांगला येतो.

आता जागा. इंजिनच्या हेडला मॅनिफोल्ड बसतो, त्याला पुढचा पाइप, मग फ्लेक्झिबल किंवा गोल पॅकिंगचा जोड, कॅटकॉन, मधला पाइप आणि शेवटी मागचा सायलेन्सर. जितकी गळती इंजिनाजवळ तितका वायू गरम, जोर जास्त आणि केबिनची वाट जवळ. ब्लोअर बाहेरची हवा घेतो ती समोरच्या काचेच्या खालच्या जाळीतून, आणि ही जाळी बॉनेटच्या मागच्या कडेलाच असते. बॉनेटच्या त्या कडेचं रबर कडक होऊन झडलं असेल, तर सिग्नलला उभ्या गाडीत इंजिनच्या खोलीतली हवा सरळ जाळीत ओढली जाते. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) जाणाऱ्या वायरिंगची, क्लच केबलची, स्टिअरिंग रॉडची रबरी बुचं ही दुसरी वाट. नवी म्युझिक सिस्टीम किंवा हॉर्नची वायर टाकताना मोठं भोक पाडून ते तसंच सोडलेलं अनेक जुन्या गाड्यांत सापडतं.

मधल्या पाइपची गळती असेल तर जमिनीचा पत्रा बघा. रबर मॅट आणि त्याखालचं कार्पेट उचला. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत किनाऱ्यालगत वापरलेल्या गाड्यांत पायाखालचा पत्रा आणि दाराखालची बॉडीची कड आधी सडते. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी कार्पेटखालच्या नमद्यात साचून राहतं आणि पत्रा वरून खातं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा: चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. संध्याकाळी अंधारात गाडीखाली टॉर्च ठेवून आत बसलात की कुठून उजेड येतो ते दिसतं. जिथून उजेड येतो, तिथून धूरही येतो.

मारुती ओम्नीबद्दल वेगळं लिहायला हवं. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेली ही गाडी २०१९ पर्यंत बनत होती आणि अजूनही किराणा, केटरिंग, शाळेची मुलं अशा कामांत ती भरपूर दिसते. तिचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. म्हणजे इतर गाड्यांत इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये जी फायरवॉल असते, तिच्या जागी इथे सीटखालचं झाकण आणि त्याच्या कडेचं पॅकिंग एवढंच. सर्व्हिसला प्रत्येक वेळी सीट उचलली जाते, पॅकिंग चेपतं, फाटतं, आणि झाकण एका कोपऱ्यात नीट न बसताच सीट खाली येते. अशा गाडीत मॅनिफोल्डचा एक नट सैल असला तरी तो वायू चालकाच्या मांडीखालून वर येतो. ओम्नीची सीट उचलून झाकणाच्या आतल्या बाजूला काळी काजळी दिसली, तर ती गाडी त्या दिवशी मुलांना न्यायला काढू नका. पॅकिंग नवं लावणं हे स्वस्त काम आहे आणि मॅनिफोल्ड दुरुस्त केला तरी ते करायचंच.

ओम्नीसारख्या सपाट पाठीच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट घडते. गाडी पुढे धावते तेव्हा तिच्या पाठीमागे कमी दाबाची जागा तयार होते आणि सायलेन्सरमधून निघालेला धूर तिथे घोटाळत राहतो. कपाट, प्लायवूड किंवा पीव्हीसी पाइप भरून मागचं दार अर्धवट उघडं बांधलं की हा धूर आत ओढला जातो. यासाठी सायलेन्सर फुटलेला असण्याचीही गरज नाही. फुटलेला असेल तर परिणाम आणखी वाढतो. लांब सामान कॅरिअरवर बांधा किंवा टेम्पो करा. अगदी नाइलाज असेल तर दाराची फट ताडपत्रीने नीट बंद करा, पुढच्या काचा पूर्ण उघडा आणि ब्लोअर बाहेरच्या हवेवर, पूर्ण वेगाने ठेवा. फक्त मागच्या काचा उघडणं सगळ्यात वाईट, त्याने आतला दाब कमी होऊन मागचा धूर अधिक खेचला जातो. डिकीचं किंवा मागच्या दाराचं रबर बिडिंग तपासायचं असेल तर कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावा आणि पट्टी ओढा. ती अडखळत निघायला हवी. सहज सरकली तर तिथे फट आहे.

गळती शोधायची वेळ म्हणजे सकाळ, थंड इंजिन, मोकळी जागा. बंद गॅरेजमध्ये किंवा इमारतीखालच्या कोंदट पार्किंगमध्ये हे काम करू नका. गाडी सुरू करून बॉनेट उघडा. इंजिनाच्या वेगाबरोबर चालणारी टिक-टिक ऐकू आली आणि पाच-सात मिनिटांत ती थांबली, तर ती मॅनिफोल्डची चीर किंवा पॅकिंग असण्याची शक्यता दाट आहे. मॅनिफोल्डचं बीड (ओतीव लोखंड) तापून फुगलं की फट मिटते आणि आवाज जातो. याच आवाजाला टॅपेटचा (इंजिनच्या व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा) आवाज समजून टॅपेट सेटिंगवर पैसे घालवले जातात. टॅपेटचा आवाज सहसा इंजिन तापल्यावरही चालूच राहतो.

बाकीच्या पाइपसाठी सगळ्यात सुरक्षित पद्धत इंजिन बंद ठेवूनच आहे. घरातल्या व्हॅक्युम क्लीनरची नळी हवा फेकण्याच्या बाजूला लावा, तिचं तोंड सायलेन्सरच्या टोकाशी फडक्याने घट्ट बसवा, आणि भांडी घासायच्या लिक्विडचं पाणी स्प्रेने प्रत्येक जोडावर, वेल्डिंगच्या रेषेवर आणि डब्याच्या शिवणीवर मारा. जिथे बुडबुडे, तिथे गळती. गाडीखाली जायचं तर पुढची चाकं ठोकळ्यांनी अडवा, हँडब्रेक ओढा आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवा. पंक्चर काढायच्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. अगरबत्तीच्या धुराने गळती शोधायची युक्ती काही जण सांगतात. पेट्रोलच्या नळ्या आणि कार्बोरेटर शेजारी असताना ती करू नका.

मागच्या सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी दोन-तीन मिलिमीटरचं गोल, स्वच्छ कडांचं भोक दिसलं तर ते कंपनीने पाडलेलं असू शकतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. जवळच्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरेसा तापत नाही आणि ते पाणी आतच राहतं. ते निथळायला हे भोक असतं. ते वेल्डिंगने बुजवलं तर डबा आतून लवकर सडतो.

एमपीएफआय गाडीत (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गळतीची आणखी एक खूण मिळते. ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे फट असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि मिश्रण जाड झाल्याने कार्बन मोनॉक्साइड आणखी वाढतो. सेन्सर बदलायच्या आधी पाइप तपासा.

चालवायची की नाही? माझ्या मते हे असं ठरवावं. गळती मागच्या सायलेन्सरला, मागच्या ॲक्सलच्या पलीकडे असेल, जमिनीचा पत्रा आणि डिकीचं रबर शाबूत असेल आणि आत वास येत नसेल, तर सगळ्या काचा उघड्या ठेवून, ब्लोअर बाहेरच्या हवेवर ठेवून जवळच्या गॅरेजपर्यंत एकट्याने नेता येते. वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकलात तर इंजिन बंद करा. गळती मॅनिफोल्डला, पुढच्या पाइपला किंवा केबिनच्या खाली असेल, आत वास येत असेल, किंवा कुणालाही डोकेदुखी झाली असेल, तर गाडी टो करून न्या किंवा मेकॅनिकला घरी बोलवा. लहान मूल, गरोदर बाई, हृदयविकाराचा किंवा रक्तक्षयाचा रुग्ण अशा गाडीत बसवू नका, अंतर कितीही कमी असो. आणि एसी लावून, काचा बंद करून उभ्या गाडीत झोपणं हे कोणत्याच गाडीत करू नये, फुटलेल्या सायलेन्सरच्या गाडीत तर नाहीच. बर्फाच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी गाडी सुरू करण्यापूर्वी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढावा. तोंड बंद असलं की सगळा धूर मिळेल त्या फटीतून बाहेर पडतो.

दुरुस्तीत घाई नडते ती मॅनिफोल्ड हेडला धरून ठेवणाऱ्या स्टडवर. गंजलेले नट थेट पान्याने फिरवले की स्टड हेडमध्येच तुटतो आणि पॅकिंगचं काम हेड उतरवण्यापर्यंत जातं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा, नट थोडा सोडून थोडा परत आवळत काढा. मॅनिफोल्ड निघाल्यावर त्याच्या तोंडांवर स्टीलची पट्टी उभी धरून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर लेथवाल्याकडून फेसिंग करून (तोंडं सपाट करून) घ्या. वाकड्या मॅनिफोल्डवर नवं पॅकिंग लावलं तरी ते पुन्हा फुंकलं जातं. जुनं पॅकिंग परत वापरायचं नाही, दोन पॅकिंग एकावर एक लावायची नाहीत, आणि लाल सिलिकॉन चोपडायचं नाही. मॅनिफोल्डच्या तापमानाला ते टिकत नाही. नट मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, दोन टप्प्यांत आवळा. ८ मिलिमीटरच्या स्टडला आवळण्याचा जोर साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागतो, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम.

एपॉक्सी पुट्टी सायलेन्सरवर चालत नाही, दोन दिवसांत जळून पडते. एक्झॉस्टची खास पुट्टी आणि पट्टी मागच्या थंड भागात काही आठवडे निभावते. तेवढाच तिचा उपयोग. वेल्डिंग करायचं तर पाइप उतरवून करा. गाडीवरच करावं लागलं तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, पेट्रोलची टाकी आणि नळ्या कुठे आहेत ते बघा, आणि पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. पत्रा कागदासारखा झाला असेल तर वेल्डिंगने भोक मोठं होतं. तो भाग बदलणंच स्वस्त पडतं. कॅटकॉन काढून साधा पाइप लावायला सांगणारे भेटतात. ते ऐकू नका, आणि कॅटकॉन बदलला तर जुना परत मागून घ्या, त्यातल्या मौल्यवान धातूंना किंमत असते.

तोच जोड पुन्हा पुन्हा फुटत असेल तर दोष पाइपचा नाही. इंजिनची फाउंडेशन (इंजिन टेकवलेली रबरं) बसली की क्लच सोडताना इंजिन हलतं आणि पुढचा पाइप त्याच्याबरोबर पिळला जातो. तुटलेली रबर हँगर आणि स्पीडब्रेकरवर घासणारा पाइप हेच करतात. हँगरच्या जागी तार बांधून काम भागवलं की कंप थेट वेल्डिंगला जातो.

मीटर घ्यायचा असेल तर आकडा दाखवणारा, इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरचा कार्बन मोनॉक्साइड मीटर घ्या. घरात लावायचे अलार्म गाडीसाठी मंद असतात. ७० पीपीएमला ते वाजायला एक ते चार तास घेऊ शकतात. कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर तर वेगळाच, त्याचा इथे काही उपयोग नाही. मीटर उन्हात डॅशबोर्डवर ठेवून जाऊ नका, सेन्सर खराब होतो. मोकळ्या रस्त्यावर आकडा शून्याजवळ हवा. दाट ट्रॅफिकमध्ये तो थोडा वर जातो आणि पुढे उतरतो. १० च्या आसपास अडून बसला तर शोध सुरू करा. ३५ च्या वर गेला तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि उतरा.

प्रवासात एकाहून जास्त जणांचं डोकं दुखू लागलं, मळमळ, गुंगी, चिडचिड झाली, तर 'गाडी लागली' म्हणून सोडून देऊ नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा आणि गाडीत धूर येत होता हे स्पष्ट सांगा. कोविडच्या काळात घरोघरी आलेला बोटाचा ऑक्सिमीटर इथे फसवतो: कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि तो ९८ दाखवत राहतो. रुग्णालयात कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची रक्ततपासणी होते का ते विचारा. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साध्या हवेत चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. बरं वाटतंय म्हणून त्याच गाडीने घरी निघायचं नाही.

काम झाल्यावर गाडी मोकळ्या जागी दहा मिनिटं आयडलिंगवर ठेवा, काचा बंद, ब्लोअर आधी बाहेरच्या हवेवर आणि मग आतल्या. मीटर सीटवर ठेवा, तुम्ही बाहेर उभे राहून काचेतून वाचा. मग एक चक्कर मारून पुन्हा बघा. नवं पॅकिंग बसलं की ते थोडं चेपतं, म्हणून साधारण ५०० किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, मॅनिफोल्डचे नट त्याच आकड्यावर एकदा पुन्हा तपासून घ्या.